धाप जाईपर्यंत

कस्तुराबाईंनी पंचा बादलीत बुडवून पिळला, पण कोरडा होईपर्यंत पिळला नाही. त्याची चौपदरी घडी डोक्यावर ठेवली आणि वरून पदर घेऊन तो हनुवटीखाली घट्ट बांधला. मग ओट्याच्या पायरीवर बसून त्या उजव्या पायाच्या पोटरीला लष्करी पट्टी गुंडाळू लागल्या. धुराच्या नळीनं एकदा पोटरी भाजली होती. पट्टी बांधल्याशिवाय त्या आता फटफटीवर बसत नसत.

"बाई, ऊन डोक्यावर आलंय," कान्ह्याच्या दवाखान्याच्या दारातून कंपाउंडर महिपती म्हणाला. "या वेळेला गाडी काढायची नाही, असं गुलजार मिस्त्रीनं सांगितलंय ना? तुम्हीच मला पाठ म्हणून दाखवलं होतं."

"मला सांगितलंय. नथूच्या पोराला कुणी सांगितलेलं नाही."

नथू ओट्याला टेकून पाणी पीत होता. नवलाख उंबऱ्याहून तो पहाटेच निघाला होता. त्याच्या बायकोला, सरूला, आदल्या संध्याकाळपासून कळा येत होत्या. पहिलीच खेप. निघाला तेव्हा पाणी गेलेलं होतं आणि पोर काही खाली सरकत नव्हतं.

"बैलगाडी सांगतो," महिपती म्हणाला. "सावलीसावलीनं जाल."

"सावलीसावलीनं जाता जाता अंधार पडेल."

महिपती वाईट माणूस नव्हता. आधीच्या नर्सबाई दोन वर्षांपूर्वी अशाच वैशाखात कान्ह्याच्या रस्त्यावर ऊन लागून कोसळल्या होत्या आणि त्यांना उचलून आणणाऱ्यांत तो होता. पण त्याला जसं ते आठवत होतं, तशी कस्तुराबाईंना आंबीची अडलेली रतनबाई आठवत होती. गेल्या श्रावणात त्यांची बैलगाडी चिखलात रुतली आणि त्या पोचल्या तेव्हा रतनबाईला अंगणात आणून ठेवलेलं होतं.

त्यानंतरच त्यांनी डॉक्टरांकडे फटफटी मागितली होती. लढाई संपली होती, लष्कराच्या जुन्या गाड्या विकायला निघाल्या होत्या. दवाखान्याच्या मंडळींनी एक घेतली, लोणावळ्याच्या गुलजार मिस्त्रीनं ती नीट करून दिली आणि बाईंना शिकवलीही. डॉक्टर पुण्याहून शनिवारी येत. त्यांनी एकच अट घातली होती. मृग लागेपर्यंत बघू. उन्हानं तुम्ही पडलात, किंवा गाडी वाटेत टाकून बैलगाडीनं परत आलात, एकदा जरी, तर फटफटी विकायची आणि फिरती बंद. बायकांनी दवाखान्यात यायचं.

मृगाला थोडेच दिवस उरले होते.

"बस मागं," कस्तुराबाई नथूला म्हणाल्या.

नथूनं गाडीकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं आणि तांब्या खाली ठेवला. "तुमच्या मागं? गाव काय म्हनंल?"

"गाव म्हणेल, नथू लवकर आला."

"न्हाई बाई. तुमी व्हा म्होरं. मी येतो चालत."

महिपतीला हसू आलं. कस्तुराबाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला, नऊवारीचा काष्टा सारखा करून गाडीवर टांग टाकली आणि दुसऱ्या लाथेला इंजिन सुरू झालं.

वडगावापर्यंत रस्ता डांबरी होता आणि उन्हानं मऊ पडला होता. त्या कडेकडेनं चालवत होत्या. वारा अंगावर येत होता आणि बरा वाटत होता. गुलजारनं पहिल्याच दिवशी याबद्दल बजावलं होतं. "बाई, चालत्या गाडीवर ऊन कळत नाही. वारा गोड बोलतो. घाम वाळतो, माणसाला वाटतं झकास चाललंय, आणि उतरल्यावर डोळ्यांपुढं अंधारी येते. तहान लागायच्या आधी प्यायचं. बरं वाटत असतानाच थांबायचं." म्हणून त्या बरं वाटत असताना थांबत. वडगावच्या पुढं एका वडाखाली त्यांनी मीठ टाकलेलं पाणी प्यायलं, इंजिन निवू दिलं, पंचा पुन्हा भिजवला. थांबणं जिवावर येत होतं. तरी पंच्याचं टोक मानेवर गार लागेपर्यंत त्या थांबल्या.

तळेगाव मागं पडल्यावर धुळीची वाट सुरू झाली. लांब बाह्यांचं पोलकं अंगाला चिकटलं होतं, पण हात भाजत नव्हते. पुढं इंद्रायणीचं पात्र. पाणी म्हणजे दगडांमधून वाहणारी एक धार. चाकाच्या कडासुद्धा धड भिजल्या नाहीत. पलीकडं आंबीत शिरताना त्यांनी कुठंही मान वळवली नाही.

भिमाजीच्या दारात त्यांनी गाडी उभी केली तेव्हा म्हातारा ओसरीवरून उठून आला. सरू त्याची सून. त्याच्या गोठ्यात चार बैल होते आणि सबंध गावात त्याच्याइतकं बैलाचं करणारा दुसरा कुणी नव्हता.

"आलात? लय बेस झालं," तो म्हणाला. मग त्याचं लक्ष इंजिनाकडं गेलं. तापलेलं लोखंड टिकटिक वाजत होतं. "लय दमलंय वो हे."

कस्तुराबाई पिशवी घेऊन आत गेल्या होत्या.

पोर आडवं नव्हतं, पण नाळेचा वेढा मानेला बसला होता. किती वेळ गेला, हे आत कुणाला कळलं नाही. धोंडाबाई, भिमाजीची बायको, सुनेची पाठ धरून बसली होती. मध्येच ती उठून गेली आणि बऱ्याच वेळानं घामानं डबडबून परत आली, तेव्हा कस्तुराबाईंनी तिला विचारलंही नाही की कुठं गेली होतीस. पोर बाहेर आलं तेव्हा निळं होतं. कस्तुराबाईंनी त्याचं तोंड पुसलं, उलटं धरलं, पाठ चोळली. ते रडलं, आणि मग सरूही रडली.

हात धुऊन त्या बाहेर आल्या. ऊन कलायला लागलं होतं. फटफटी चिंचेच्या सावलीत होती, तिच्याखाली चिखल झाला होता, आणि भिमाजी गवताच्या मुठीनं टाकी पुसत होता. सीट, टाकी, इंजिन, सगळं निथळत होतं.

"मुलगा आहे, आबा," त्या म्हणाल्या. "सरू बरी आहे."

म्हाताऱ्यानं दोन्ही हात कपाळाला लावले. मग गाडीवर थोपटल्यासारखं करत तो म्हणाला, "हिलाबी न्हाऊ घातली. उनातनं आलेला बैल असाच सोडत्यात व्हय? आल्या आल्या न्हाई मारलं पानी. आदी धाप जाऊ दिली. लोखंड वाजायचं थांबलं, मग मारलं."

कस्तुराबाईंनी इंजिनाच्या पाकळ्यांवरून बोट फिरवलं. कुठं तडा नव्हता. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं असतं तर इंजिन फुटलं असतं. म्हाताऱ्यानं धाप जाऊ दिली म्हणून वाचलं.

"विहीर कोरडी हाय," मागून धोंडाबाई म्हणाली. "झऱ्याचं आनलंय. डोंगराखालनं. दोन घागरी झाल्या."

कस्तुराबाईंनी लाथ मारली. इंजिन नुसतं घुसमटलं. पुन्हा मारली. पुन्हा. दारात माणसं गोळा झाली होती.

"म्हस बसली म्हंजे बसली," एकजण म्हणाला.

"गप रं," धोंडाबाई म्हणाली. "तुझ्या बायकूच्या येळंला बाई उशिरानं आली, तवा रडत बसला हुतास. ते इसरलास?"

भिमाजीच्या हातातलं गवत तसंच राहिलं होतं. "मी बैल जुपतो," तो म्हणाला. "फटफटी वर घालू. तुमी आरामात बसा. चांगलं जू हाय, हिसकं बसायचं न्हाईत."

"नको, आबा."

"का वो?"

"हिच्यावर आले, हिच्यावरच जायचंय."

त्यांनी पिशवीतून पाना आणि पेचकस काढला. प्लग काढला, ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोचं झाकण उघडलं. आत पाण्याचे थेंब दिसले. पुसायला त्यांचा पदर ओला, पंचा ओला. त्यांनी वर पाहिलं.

"मावशी, कोरडं मऊ फडकं आहे का? जुनेरं असलं तर बरं."

धोंडाबाई आत गेली. बाळासाठी जुन्या लुगड्याची फाडून, धुऊन ठेवलेली फडकी होती. त्यातलं एक तिनं आणून दिलं आणि मागं हटून उभी राहिली.

कस्तुराबाईंनी मॅग्नेटो टिपून घेतला. झाकण आणि प्लग जोत्याच्या तापलेल्या दगडावर ठेवले. मग गाडी सावलीतून बाहेर काढून उन्हाकडं तोंड करून लावली. सबंध दुपार ज्या उन्हापासून अंग राखलं, त्याच उन्हात गाडी सोडून त्या चिंचेखाली बसल्या. धोंडाबाईनं दिलेलं ताक थोडं थोडं प्यायल्या. घाई केली नाही. लोकांना कंटाळा आला, बरेच गेले.

भिमाजी समोर उकिडवा बसला होता. त्यानं इंजिनाकडं पाहिलं, चिखलाकडं पाहिलं, दगडावर वाळत घातलेल्या झाकणाकडं पाहिलं.

"माज्या पान्यानं झालं काय वो हे?"

"नाही," कस्तुराबाई म्हणाल्या. "नदीत उडालं असेल."

म्हातारा बराच वेळ त्यांच्याकडं पाहत राहिला. तो कालच बैल घेऊन नदीवर गेला होता.

"असंल," तो म्हणाला, आणि उठून गोठ्याकडं गेला.

नथू पोचला तेव्हा त्या झाकणाचे पेच आवळत होत्या. मुलगा झाल्याचं त्याला कुणीतरी वेशीवरच सांगितलं होतं. तो हसत आला आणि उघडी गाडी पाहून जागीच थांबला. "बंद पडली व्हय?"

कस्तुराबाईंनी लाथ मारली. इंजिन एकदा खोकलं आणि पांढरा धूर टाकून सुरू झालं.

दिवेलागणीच्या आत त्या कान्ह्याला पोचल्या. महिपती ओट्यावरच उभा होता. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली.

"फार वेळ लागला."

"नाळेचा वेढा होता," त्या म्हणाल्या, आणि पट्टी सोडायला बसल्या.

पुढच्या आठवड्यात नथू बाजाराला आला आणि आपल्या मुलाच्या जन्माची हकिगत ज्याला त्याला सांगत सुटला. त्यात फटफटी उन्हात उघडून ठेवली होती, हेही आलं.

बारशानंतरच्या शनिवारी डॉक्टर आले तेव्हा भिमाजी नुकताच आपल्या छकड्यातून उतरला होता. बारशाच्या घुगऱ्या घेऊन तो एवढ्या लांब आला होता. डॉक्टर खुर्चीवर, महिपती दारात, कस्तुराबाई बाटल्या उकळत्या पाण्यातून काढत होत्या.

"बरं झालं, हेच आले," महिपती म्हणाला. "डॉक्टरसाहेब, परवा मी चिठ्ठीत कळवलं ते यांच्याच गावचं. गाडी बंद पडली होती. यांचा मुलगाच सांगत होता. माझं काही वाकडं नाही, पण उद्या ती आडरानात बंद पडली आणि बाई उन्हात अडकल्या, तर?"

डॉक्टरांनी कस्तुराबाईंकडं पाहिलं. "बंद पडली होती?"

कस्तुराबाईंनी हातातली बाटली फडक्यावर उपडी ठेवली. भिमाजीकडं न बघता त्या म्हणाल्या, "मॅग्नेटोत पाणी गेलं होतं. नदीत..."

"नदीत कुटलं पानी?" भिमाजी म्हणाला. त्यानं घुगऱ्यांची पाटी टेबलावर ठेवली. "नदीला बैलाचं खूर बुडत न्हाई. पानी म्या मारलं. दोन घागरी. मला काय ठावं, तिला पानी चालत न्हाई."

डॉक्टर खुर्चीत पुढं वाकले.

"आन् बंद न्हाई पडली सायेब," तो पुढं म्हणाला. "इसावली. एवढ्या उनाची आली, इसावनार न्हाई? मी बैल जुपतो म्हनलं, तर बाई बसल्या न्हाईत. हिच्यावरच आले, म्हनल्या, हिच्यावरच जायचंय. आन् गेल्या."

"तुमच्याच छकड्यात बसल्या नाहीत?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई. माजं छकडं चांगलं असून."

डॉक्टरांनी महिपतीकडं पाहिलं. महिपतीनं पाटीकडं पाहिलं. डॉक्टरांनी मूठभर घुगऱ्या घेतल्या आणि थोड्या वेळानं म्हणाले, "महिपती, त्या गुलजारला निरोप धाड. मॅग्नेटोवर चामड्याची टोपी शिवून दे म्हणावं. पाऊस येईल आता."

महिपती हो म्हणाला. पाटीतल्या घुगऱ्या त्यानंही घेतल्या.

दुपारी कामशेतहून माणूस बोलवायला आला. कस्तुराबाई बाहेर आल्या तेव्हा भिमाजी परत निघायच्या तयारीत होता. बैलांच्या पाठीवर त्यानं नुकतंच पाणी मारलं होतं आणि घागरीत थोडं उरलं होतं. ओट्याजवळची बादली रिकामी होती. बाईंनी पंचा हातात घेतला आणि आडाकडं वळल्या.

"थांबा," भिमाजी म्हणाला.

तो घागर घेऊन आला. फटफटीपासून चार पावलं लांबच थांबला. बाई त्याच्याजवळ गेल्या आणि पंचा दोन्ही हातांवर पसरून धरला. म्हाताऱ्यानं घागर कलती केली आणि अगदी बारीक धारेनं, गाडीच्या दिशेला एक थेंब उडू न देता, तो पुरता भिजवला.