काळ्या दगडापलीकडे

भाताच्या रोवणीचे दिवस होते. एटापल्लीपासून आत, जंगलातल्या त्या गावात अशा दिवसांत घरी कोणी सापडत नाही; सगळा गाव चिखलात. सोमारी मात्र चुलीपाशी होती. तिने भात उतरवला, आंबाडीची भाजी केली आणि रोजच्यासारखे डोळे मिटून प्रार्थना म्हटली. शेवटी नेहमीचंच वाक्य: "प्रभू, तुही मर्जी होऊ दे." म्हणायला सोपं वाक्य. म्हटलं की संपलं, पदर खोचून कामाला लागायचं.

मग पळसाच्या पानावर भात घेऊन ती गावाबाहेरच्या कुर्माघराकडे निघाली.

कुर्माघर म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. पाळी आली की इथल्या बाईने घर सोडायचं आणि गावाच्या कडेला असलेल्या झोपडीत जाऊन राहायचं. कुडाच्या भिंती, गळकं छप्पर, दाराला फळी नाही. तिला कोणी शिवायचं नाही. अन्न आणणारीने वाटेवरच्या काळ्या दगडावर पान ठेवायचं आणि मागे फिरायचं. आतलीने नंतर येऊन उचलायचं. विटाळ गावात आला तर गावदेव कोपतो, पीक जातं, वाघ गुरं नेतो. असं म्हणतात, आणि म्हणणाऱ्यांना ते मनापासून खरं वाटतं.

सोमारीच्या घराने काही वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला होता. तुम्ही म्हणाल, मग यांना कसला कुर्मा? तिथेच तर मेख आहे. गाव तेव्हा यांचं पाणी तोडायला निघालं होतं. सोमारीचा नवरा वारलू तेव्हा बापूजी नावाच्या गायत्याच्या अंगणात हात जोडून उभा राहिला. गायता म्हणजे गावदेवाचं सगळं पाहणारा. वारलू त्याला शब्द देऊन आला: देव आमचा राहू द्या, कुर्मा गावाचा पाळू. तेव्हापासून हे घर इतरांपेक्षा जास्त काटेकोर झालं. दुसऱ्या घरची एखादी पोरगी पाऊस लागला की लवकर परत येई. यांची सून करिष्मा मात्र कोणी बोट दाखवू नये म्हणून एक दिवस जास्तच राही. बाप्तिस्म्याच्या पाण्यात सगळं घर भिजलं होतं, भीती तेवढी कोरडी राहिली होती.

दगडावर कालचं पान तसंच पडलं होतं. भाताला मुंग्या लागल्या होत्या.

"करिष्मा! वो करिष्मा!"

आतून दातांवर दात आपटल्याचा आवाज आला. "आत्या, लई थंडी वाजून राह्यली. उठताच नाई येत मले."

करिष्मा तिला आत्या म्हणे, कारण ती होतीच आत्या. भावाची लेक तिने सून करून आणली होती. भावाला म्हणाली होती, माझ्या डोळ्यांसमोर राहील. आता ती डोळ्यांसमोरची पोर हाकेच्या अंतरावर कण्हत होती आणि सोमारीला दिसतही नव्हती.

सोमारीने दगडापलीकडे जायला पाय उचलला आणि मागे घेतला. लहानपणी आईने सांगितलं होतं, कुर्म्यातल्या बाईला शिवून घरात गेलं की घरचा पुरुष आंधळा होतो. तिला वारलूचे डोळे आठवले. इतकी वर्षं प्रार्थनेला बसूनही ती गोष्ट आपल्या पोटात जिवंत आहे, हे तिला त्या क्षणी कळलं. त्याची तिला आणखीच भीती वाटली.

ती धावत भाताच्या बांधीत गेली. वारलू आणि मुलगा बिरजू वाकून रोवणा करत होते.

"पोरगी तापानं मरून राह्यली. तिले उचलून आनू, दवाखान्यात नेऊ."

वारलूच्या हातातली रोपांची जुडी हातातच राहिली. "पाळी सरल्यावर नेऊ ना."

"तवर टिकन का ती?"

"मी शब्द देला आहे, सोमारी. गावानं पानी बंद केलं तं कुठी जाशीन? आपल्या मेलेल्याले खांदा कोन देईन? प्रार्थना कर. प्रभू पाहून घेईन."

तिने बिरजूकडे पाहिलं. तो करिष्माचा नवरा. चिखलाकडे बघत तो पुटपुटला, "माय, मले बी भेव लागते."

सोमारी एकटीच परत निघाली. प्रार्थना कर म्हणे! वाटेत तिने सुरू केली, "प्रभू, तुही..." आणि जीभ अडली. रोजचं वाक्य आज पुढे सरकेना. कारण आज मर्जी काय आहे ते तिला स्पष्ट ठाऊक होतं. आजवर तिने ती मर्जी होऊ दे म्हटलं, ते दुसऱ्या कोणाच्या हातून होऊ दे म्हणून.

दगडापाशी येऊन ती मटकन खाली बसली. "दुसऱ्या कोनाले तरी सांग ना, प्रभू," ती रडत म्हणाली. "मी भेकड बाई आहे."

आतलं कण्हणं एकाएकी थांबलं.

सोमारी उठली. "होऊ दे," एवढंच म्हणाली आणि दगड ओलांडून गेली. इतकं बळ कुठून आलं म्हणून विचारलं तर ती आजही सांगते, माझ्याजवळ नव्हतं, मला दिलं गेलं.

आत जमीन ओली होती. भिजलेल्या पोत्यावर करिष्मा पडली होती, अंग तव्यासारखं तापलेलं. कपाळाला हात लागताच पोरीने डोळे उघडले आणि होती नव्हती ती ताकद लावून मागे सरकली.

"शिवू नको आत्या! मामाजी आंधळे होतीन!"

ही भीती तिला कोणी शिकवली होती? सोमारीनेच. तिच्या या घरातल्या पहिल्या कुर्म्याच्या वेळी, मायेने, केस विंचरता विंचरता. सोमारीला स्वतःची लाज वाटली. तिने पोरीला पाठुंगळी घेतलं.

गावाच्या तोंडाशी हापशीवर बायका होत्या. त्यांनी आपापले पाण्याचे गुंड छातीशी धरले आणि मागे सरल्या. वाटेत बापूजी उभा होता. तो काही वाईट माणूस नव्हता. बिरजूच्या जन्माच्या वेळी सोमारी अडली, तेव्हा जंगलातून मुळी आणून देणारा तोच. आज त्यानेच तिच्यासमोर हात जोडले.

"बाई, तिथीच ठेव तिले. पाया पडतो तुह्या. गावावर कोप आनू नको."

"मले बी भेव लागते, भाऊ. तुमच्याहून जास्त लागते. पन ही मेली तं मी कोनत्या देवासमोर बसू? माह्या बी नाई, तुमच्या बी नाई."

"मंग गाव तुमचं नाई. पानी नाई, बोलनं नाई."

"बरं, भाऊ," ती म्हणाली. पाठीवरची पोर सावरत ती पुढे निघाली. तेवढ्यात मागून चिखलाने माखलेले दोन हात आले आणि करिष्माचा भार हलका झाला. बिरजू होता. दोघांनी तिला बिरजूच्या मोटारसायकलवर मध्ये बसवलं आणि दवाखाना गाठला.

रक्त तपासलं. मलेरिया. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उद्या आणली असती तर काही करता आलं नसतं. करिष्मा वाचली. वारलूही आंधळा झाला नाही. पण हापशी बंद झाली ती झालीच. सोमारी नाल्याचं पाणी आणून उकळायची, आणि समोरून येणारी बाई तिला पाहून वाट बदलायची. चूल पेटवताना रोज तिच्या मनात येई, आज रात्री कोणी घर पेटवणार तर नाही ना.

धान कापणीला येईतो गाव थोडं नरमलं. हापशीवर शेवटचा नंबर मिळू लागला. वारलूला वाटलं, सुटलो. सोमारीलाही वाटलं. देवाने एकदा मागून घेतलं की तो पुन्हा मागणार नाही, अशी आपल्या सगळ्यांचीच समजूत असते.

मग एका दुपारी अवकाळी पाऊस आला. सासू-सून सरपण घेऊन परतत होत्या. काळ्या दगडावरचं पान भिजून गेलं होतं, भात वाहून गेला होता. कुर्माघरातून कोणीतरी खोकत होतं. खोकला थांबेचना. बापूजीची धाकटी सून होती ती.

करिष्माने सोमारीचा पदर धरला. "आत्या, नको. आत्ता कुठी पानी भेटून राह्यलं. आन ही तं त्याच्याच घरची. दुसरं कोनी पाहीन ना तिले."

दुसरं कोणी. त्या दिवशी याच दगडापाशी सोमारीनेही हेच मागितलं होतं. भीती कणभरही कमी झाली नव्हती. तिने डोक्यावरची मोळी खाली टाकली, हळूच पदर सोडवला आणि म्हणाली, "होऊ दे."

करिष्मा दगडाच्या अलीकडेच उभी राहिली. आपणही बहुतेक जण तिथेच उभे असतो.

आतल्या अंधारातून घाबरलेला आवाज आला, "कोन आहे? शिवू नका मले!"

"मी आहे, सोमारी. सरक जरा, पोरी. मले बी जागा दे."