सोमवारचा साबुदाणा

चहाला आमच्या घरात पाच मिनिटं लागतात. पण माझ्या इंजिनिअर मुलाने, प्रसेनजीतने, त्या सोमवारी सकाळी दहाला चहा करायला घेतला आणि दुपारचे दोन वाजले तरी मला त्यातला घोट मिळाला नव्हता. वर "बाबा, दहाच मिनिटं" हे चालूच होतं.

तैवानला शिकायला जाऊन त्याला अडीच वर्षं झाली होती. पहिल्यांदाच पंधरा दिवसांच्या सुट्टीवर आला होता आणि त्यातले तेरा संपले होते. तांबडा-पांढरा रस्सा झाला, खर्डा-भाकरी झाली, आणि शेवटी याला आठवण कसली आली, तर तिकडच्या चहाची. तोही गार. वर दूध, बर्फ आणि तळाशी साबुदाण्याच्या पिठाच्या काळ्या गोळ्या.

"बाबा, तिकडं रांगा लागतात याला."

"आपल्याकडं रॉकेलला पण लागतात," मी म्हणालो.

तिथल्या काळ्या गोळ्या इथे कुठून मिळणार? मग साध्या साबुदाण्यावर भागवायचं त्याने ठरवलं. आता आमच्या घरात साबुदाणा नसतो. छप्पन साली धम्मदीक्षा घेऊन आल्यावर माझ्या वडिलांनी घरातले सगळे उपवास बंद केले आणि त्यांच्याबरोबर उपवासाचं खाणंही. मी तेव्हा अकरा वर्षांचा. वडील गेले, मातीचं घर सिमेंटचं झालं, मी पन्हाळ्याच्या कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो, पण साबुदाणा उंबऱ्याच्या आत आला नाही. खिचडी आवडणारे आमचेच पाहुणे मला चिडवायचे, "बाळासो, साबुदाण्यानं तुझं काय घोडं मारलंय?" मारलं नसेल. एकेका घराचा एकेक हट्ट असतो, आमचा हा. शिवाय मी विहाराचा सचिव. आदल्याच दिवशी उपास-तापास आणि नवस-सायासांवर तासभर बोललो होतो. माझी बायको यल्लव्वा पहिल्या रांगेत बसून ऐकत होती.

तरी प्रसेनने आदल्या संध्याकाळी शाहूपुरीतून पावशेर साबुदाणा आणलाच. "खायचा न्हाय बाबा, प्यायचा हाय," म्हणाला. दोन-तीन दिवसांत जाणाऱ्या पोराला कुठे नाही म्हणा, म्हणून मी गप्प बसलो. गप्प बसलो हीच चूक झाली.

नेटवरून कृती छापून आणली होती त्याने. दोन पानं, इंग्रजी. पण इंजिनिअर माणूस कागद वाचतो थोडाच! सगळा साबुदाणा गार पाण्यात घातला आणि पातेलं गॅसवर ठेवून ढवळत बसला. अर्ध्या तासाने त्याची अशी खळ झाली, की चौदा एप्रिलची सगळी पोस्टरं तिच्यावर चिकटली असती. डाव पातेल्यात उभा राहिला. मी म्हणालो, "प्या आता."

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास म्हणतात तसं अकराला लाईट गेली. लोडशेडिंगची वेळ भिंतीवर चिकटवलेली आहे, पण ती बघणार कोण? बर्फाचं पाणी झालं. म्हशींच्या कट्ट्यावरून डोळ्यांसमोर पिळून आणलेलं दोन लिटर दूध उतू जाऊन शेगडीवर करपलं. मग याला जाड नळी हवी झाली, कारण बारीक नळीतून दाणे वर येत नाहीत म्हणे. मी परसात जाऊन बघतो, तर माझ्या पपईची पाच पानं उतरवून हा त्यांचे पोकळ देठ कापत बसलेला. तिसऱ्या वर्षी कुठे फळ धरलं होतं त्या झाडाने. तळपायाची आग मस्तकात गेली.

"अरे, ताक पी की गुमान! आमच्या सात पिढ्यांनी काय नळीनं चहा प्यायला न्हाय."

"साबुदाणा संपला, बाबा," एवढंच उत्तर आलं. "दुसरा आणायला पाहिजे."

सोमवारी आमच्या पेठेतली काय नि शाहूपुरीतली काय, दुकानं बंद. मला मनातून बरंच वाटलं. चला, सुटलो एकदाचे.

एवढा वेळ यल्लव्वा दारात लसूण सोलत बसली होती. तिने हात झटकले आणि म्हणाली, "गार पाण्यात घातल्यावर खळच हुणार की. पाणी खळाखळा उकळू दे, मग दाणा सोड. सोडल्या सोडल्या हलवायचा न्हाय."

प्रसेनने लगेच पाणी चढवलं. मी तिच्याकडे बघायला लागलो. ही बाई सासरी आल्यापासून साबुदाणा शिजलेला मी पाहिला नव्हता. ती उठली, तांदळाच्या डब्यामागे हात घातला आणि एक छोटा स्टीलचा डबा काढून ओट्यावर ठेवला. अर्धा भरलेला. साबुदाण्याने.

"हे काय?"

"साबुदाणा."

"ते दिसतंय की मला! घरात आला कुठनं?"

"शेजारच्या आक्कांनी दिला. प्रसेन, पाणी उकळलं का बघ."

"आणि तुला कशाला लागतो?"

"सोमवारी लागतो," ती म्हणाली.

 मला बोलायला सगळंच एकदम सुचलं. "सोमवार धरतीस? माझ्या घरात? काल तासभर घसा कोरडा केला मी, ते कुणासाठी?"

"ऐकलं की. चांगलं बोलला."

ती शांतपणे दाणे सोडत होती आणि त्यानेच माझं डोकं जास्त फिरत होतं. मी घरभर येरझाऱ्या घातल्या. वडिलांचं नाव काढलं. विहारात कोणत्या तोंडाने उभा राहू, असंही विचारलं. तेवढ्यात दाणे काचेसारखे झाले. भांडण मिटावं म्हणून प्रसेनने घाईघाईने ग्लास भरला. गुळाचा पाक, दाणे, काळा चहा, उरलंसुरलं दूध, वर पपईचा देठ. "आई, आधी तू घे."

"दिवस मावळल्याबिगर न्हाय घेत मी."

"आत्ताच्या आत्ता प्यायचं!" मी एवढ्याने ओरडलो, की आक्कांच्या घराची खिडकी उघडली. "कुठल्या देवाचा हाय हा उपास, ते तरी कळू दे."

"देवाचा कशाला असंल?" तिने ग्लास बाजूला सारला आणि माझ्याकडे न बघता पोराला म्हणाली, "तू गेलतास त्या पयल्या महिन्यात तुझा फोन आलता. हे विहारात गेलते. रडत म्हणालास, आई, हितं एकाच खानावळीतलं मला जातंय आणि ती सोमवारी बंद असती. सोमवारी उपाशीच झोपतो."

प्रसेनने गॅस बंद केला.

"मग मला कसा घास जावा सोमवारी? सांजच्याला डोळ्यापुढं अंधारी यायला लागली. आक्कास्नी वाटलं, हिनं सोमवार धरलाय. त्यांनी साबुदाणा दिला. मी पण वाटू दिलं. पोरगं उपाशी हाय म्हणून गावभर कुठं सांगू?"

अडीच वर्षं मी दर सोमवारी तिच्या हातचं पोटभर जेवलो होतो. ती जेवली का, हे एकदाही माझ्या तोंडून निघालं नव्हतं. शरम वाटली. आणि शरम वाटली की मी दुसऱ्यावर घसरतो, ही माझी जुनी खोड. "उपाशी राहत होतास तर मला सांगता येत नव्हतं?" मी पोरावर खेकसलो.

"तुम्ही फोनवर मार्कं विचारायचा, बाबा."



"पण आई," तो म्हणाला, "आज तर मी तुझ्यासमोर जेवलोय की."

"परवा जाणारच हाईस की परत. मधीच कसं सोडू?"

"अगं, ते दोनच महिने होतं! मग मी खोली बदलली. आता आमचं आम्हीच करून खातो. सोमवारी तर सगळी पोरं जमून चिकन करतो."

यल्लव्वाने हातातला डाव खाली ठेवला. सकाळपासून एवढं सगळं झालं, तोवर तिचा आवाज चढला नव्हता. तो आता चढला.

"मग सांगायचं न्हाईस? दर फोनला विचारत हुते, जेवलास का? नुसतं हूं म्हणायचास. उपाशी असताना बापाला पण हूंच म्हणायचास की, मग त्या हूंचा भरवसा कसा धरायचा? उपाशी हाय म्हणून सांगितलंस आणि जेवायलोय म्हणून सांगायला तुझं तोंड शिवलं हुतं काय रं?"

प्रसेन खाली बघून पपईचे देठ गोळा करत राहिला. मी उठलो आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिचं ताट करायला घेतलं. भाकरीची बुट्टी कुठे ठेवलेली असते, हेही मला तिलाच विचारावं लागलं.