साखराबाईनं घागर सरकवली

तेलगावात अमेरिकेची पोरगी आली अन् समद्या गावाला इंग्रजीची हुक्की आली. केबल नुकतंच आलेलं, त्यात ही! किराणावाला बंकट दिसंल तिथं "हाव आर यू?" करायचा. वत्सलाबाई तर नुसतं "थँक्यू थँक्यू". पोरगी नऊ वर्सांची, नाव शिवानी. तिला मराठी यावी म्हणून बाप संगमेश्वरनं मायसंगं सुट्टीत गावाकडं धाडलेली. अन् हितं तिच्यासंगं मराठी बोलंल तो शपथंला सापडंना!

तिची आत्या वर्षाराणी. नववीतून शाळा सोडलेली, डोकं कायम तापलेलं. तिच्याजवळ वहिनी, शिवानीची माय, म्हणाली, "राहू द्या वन्सं. महिना झाला, एक शब्द नाही. पुढच्या सुट्टीत सिंगापूरला जाऊ."

वर्षाराणी ताडकन उठली. तिला तर पोरीचा लई लळा लागलेला.

"चल गं!" तिनं शिवानीच्या हातात घागर दिली अन् हापशावर नेली.

हापशाचा एकच कायदा. घागर रांगंत ठिवली की लंबर तुमचा, मग तुमी कुठंबी हिंडा. शिवानी घागर ठिवून शेळीच्या पिल्लामागं पळाली. साखराबाईनं हळूच पायानं तिची घागर मागं सारली, आपली म्होरं घेतली.

शिवानीनं बघितलं. आधी इंग्रजीत कडाडली.

"यस, यस," साखराबाई हसली.

मग पोरीनं कमरंवर हात ठिवले, हुबेहूब आत्यावानी. "ए साखराबाई! कावून सरकवली माजी घागर? लंबर माजा हाय! डोळे फुटले का?"

हापसा थांबला. महिनाभर वर्षाराणी गावासंगं भांडली, ते समदं पोरीनं गुमान टिपलं होतं.

"अगं बया, बोलली की!" साखराबाईच खूश. "आनखी बोल गं, आनखी!"

"घागर हटिव आधी!"

वहिनी पळत आली. "शिवानी, से सॉरी!"

"न्हाई म्हननार!"

वहिनी मूळची शेजारच्या धारूरची. तिचं इंग्रजी हापशावरच गळालं. "थोबाड लई सुटलंय का गं तुजं? मोठ्या मानसाला आसं बोलत्यात व्हय?"

"तिनं आधी सरकवली!"

"पुढच्या सुट्टीत हितंच ठिवते तुला, आत्याकडं! मग कळंल!"

"ठिव! ठिव की!"

मायलेकी तशाच भांडत गल्लीनं निघाल्या.

"वर्षे, सोडव की गं," बाया म्हणाल्या.

"सोडवतंय माजं खेटर!" म्हणत वर्षाराणी दोघींच्या मागं पळत सुटली, एक शब्द चुकू नये म्हणून.