रोटाचे भाऊबंद

“ती गाडी मांगे ले रे योगेंद्र! मनी कानबाई मोठी का तुनी बायकोनी गाडी मोठी?”

शेवंताबाईंचा आवाज पिंप्राळ्यातल्या त्या गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. श्रावणातला सोमवार, सकाळचे सात. रविवारी घरात बसलेली कानबाई देवी आज गिरणा नदीवर पोचवायची होती आणि अंगणाच्या तोंडाशीच महापौरांची पांढरी गाडी आडवी. योगेंद्र हा शेवंताबाईंचा थोरला. पाण्याच्या मोटारी उघडून वाइंडिंग करायचा, पण बायकोच्या सरकारी गाडीला हात लावायला त्याला कापरं भरे. आईपुढे मात्र ते कापरं टिकलं नाही. गाडी मुकाट्याने मागे गेली.

महापौर स्वतः तेव्हा मागच्या दारी गंगाफळाच्या भाजीचं पातेलं घासत होत्या.

कोकिळा सावद्याच्या केळीवाल्यांची लेक. सोळा वर्षं तिने अंगणवाडी चालवली. गल्लीतल्या निम्म्या तरण्या पोरांची नाकं तिनेच पुसलेली. प्रभाग बायांसाठी राखीव झाला तेव्हा पक्षाची माणसं योगेंद्रला भेटायला आली होती. शेवंताबाईंनी त्यांना ओट्यावरच अडवलं. “उभं कोन ऱ्हाई? तो का ती? मंग बठा आठे. ती येस तवलोंग चहा भी भेटाव नही.” कोकिळा आली, बोलणी झाली, मग चहा झाला. कोकिळा निवडून आली आणि पुढे महापौर झाली. गाडी आली तरी ती पहाटे स्कूटीवरच निघे, घंटागाडीच्या मागे मागे. कुठे कचरा उचलला, कुठे राहिला, डोळ्यांनी बघून येई. तोवर इकडे ओट्यावर शेवंताबाई लोकांच्या तक्रारी ऐकून घेत. शाळा दुसरीतच सुटलेली, त्यामुळे लिहिणं नाही, पण कोणाच्या नळाला किती दिवस पाणी नाही हे त्यांच्या डोक्यात पक्कं. लोक त्यांना अक्का म्हणत. काही जण हसून ‘मोठ्या महापौर’ म्हणत. त्या हसत नसत. त्यांना ते खरंच वाटे.

पण ओटा, तक्रारी, मान हे सगळं खाली. वर कानबाई, आणि कानबाईचे रोट.

त्यांच्या घराण्याची रीत अशी : घरातल्या एकेका पुरुषामागे सव्वा मूठ गहू घ्यायचे, वेगळे दळायचे, त्या पिठाच्या पुरणपोळ्या लाटायच्या. तेच रोट. ते खायचे फक्त भाऊबंदांनी. परक्याच्या तोंडी घास जाता कामा नये. सासरी गेलेल्या लेकीच्याही नाही. शेवंताबाईंची लेक डिंपल लग्नानंतर पहिल्यांदा कानबाईला आली, उंबऱ्यात बसून रडली, तरी तिच्या ताटात साधीच पोळी पडली. एक्केचाळीस वर्षं ही रीत शेवंताबाईंच्या हातात होती, आणि तिच्यात बोट ठेवायला अजून कोणाला एकदाही जागा मिळाली नव्हती. जागा शोधणारं माणूस भाऊबंदातच होतं. त्यांची जेठाणी, म्हणजे थोरली जाऊ, लताबाई.

लताबाई आणि त्यांचे मालक चुडामण नाना चार घरं पलीकडे राहत. त्या दिवशी लताबाई नानांना आणि सुनेला घेऊन सकाळीच येऊन बसल्या होत्या आणि अंगणात पाहुणे बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

पाहुणे म्हणजे झाडूवाले. झिपरू मुकादम, त्याचे तीन गडी आणि दोन बाया. रात्रीच्या पावसाने नदीकडच्या रस्त्यावर चिखल झाला होता. पहाटे पाचपासून त्यांनी तो ओढून काढला. कोकिळाने सांगून ठेवलं होतं, काम झालं की घरी या, पोटभर खाऊन जा.

“घरमा कानबाई शे का पालिकानी सभा?” लताबाई पुटपुटल्या.

“सभाच शे,” शेवंताबाई म्हणाल्या. “तुम्हीन बोलाले सुरुवात करी दिधी ना!”

आणि टोपली घेऊन त्या स्वतः वाढायला उठल्या. कोकिळा हात पुसत आली तर तिला म्हणाल्या, “तू ऱ्हाऊ दे. तू आंग धोई ले. महापौरनी सासू वाढस म्हनजे त्यास्ले बी बरं वाटी.”

वाढलंही त्यांनी हात सैल सोडून. एकेकाला दोन दोन पोळ्या, वर तुपाची धार. झिपरू बोटं चाटत म्हणाला, “अक्का, एवढं खाल्ल्यावर झाडू कोण उचलणार?”

“कोकिळाले सांगसू. सवय शे तिले.”

हसू उसळलं. शेवंताबाई टोपली झटकून माजघरात आल्या. लताबाई नैवेद्याचं पान वाढायला बसल्या होत्या. त्यांनी कोपऱ्यातल्या दुसऱ्या टोपलीवरचं पांढरं फडकं उचललं आणि तशाच थांबल्या.

“शेवंता,” त्या म्हणाल्या, “रोटन्या टोपलीमा तू सावदानं केळीनं पान हातरेल व्हतं ना?”

“हां.”

“मंग ह्या टोपलीमा पेपर काब्र शे?”

शेवंताबाईंनी आपल्या हातातल्या टोपलीत पाहिलं. तळाशी केळीचं हिरवंगार पान. त्यावर तुपाचे चार डाग. बाकी काही नाही.

रोटांवर लाल फडकं होतं, साध्या पोळ्यांवर पांढरं. पहाटे कढीचं भांडं कलंडलं, कानबाईच्या पाटाखालचं कापड भिजलं. शेवंताबाईंनीच घाईत रोटांवरचं लाल फडकं ओढलं, कानबाईखाली अंथरलं आणि रोटांवर हाताला लागलं ते पांढरं टाकलं. दुसरं कोणी नव्हतं तिथे. दोन्ही टोपल्या पांढऱ्या झाल्या आणि त्या विसरल्या.

लताबाईंचा आवाज चढला. अंगणात ऐकू जाईल इतका. “एक्केचाळीस सालनी रीत! बठ्ठी बुडाडी टाकी! टोपली कोन्ही दिधी तुना हातमा? महापौरबाईन्हीच ना? त्यास्नंच पाव्हनं. घर कोनतं न् पालिका कोनती, काही उरनं नही आते!”

कोकिळा ओल्या केसांनी दारात आली. तिने दोन्ही टोपल्या पाहिल्या, सासूचा चेहरा पाहिला. सोळा वर्षं लहान मुलं सांभाळलेल्या बाईला चेहरा वाचायला वेळ लागत नाही.

“हो मोठ्याआई,” ती म्हणाली. “माझ्याच हातून झालं.”

नुसतं गप्प बसायचं होतं. एवढंच. एक्केचाळीस वर्षं जशीच्या तशी राहिली असती आणि उद्या गल्लीत बोलले असते ते सुनेला.  कोकिळा त्यांच्याकडे पाहतही नव्हती. पदर खोचून ती टोपली उचलायला वाकली होती, जणू गोष्ट मिटली.

“थांब व महापौर,” शेवंताबाई म्हणाल्या. “पालिकामा खोटं बोलस नही म्हनतस ना तुले? मंग घरमा काब्र बोलस? जेठानबाई, मी वाढं. ह्या हातस्नी. फडकं भी मीच काढं. काय बोलनं ते माले बोला.”

 डिंपल चुलीपाशी होती, तिच्या तोंडून निघून गेलं, “माय वं! माले कधी दिधा नही, न् आज मुकादमले दोन दोन?”

“तू मांगं सरक,” शेवंताबाई म्हणाल्या. 

चुडामण नाना दारातून म्हणाले, “आते काय करवा मंग?”

शेवंताबाई अंगणात आल्या. सगळं ऐकून झिपरूची माणसं उभी राहिली होती. हात धुवायचं पाणी तसंच ओंजळीत. दोघी बायांमधली मोहिनी पुढे आली. तिशीची असेल. नजर खाली नव्हती.

“अक्का, आम्ही मागितलं नव्हतं. तुम्ही बोलावलं, तुम्ही वाढलं. तुमच्या घरच्या भांडणाचं खापर आमच्यावर नको. आम्ही निघतो.”

शेवंताबाईंनी तिला खालून वर न्याहाळलं. अशी बोलणारी बाई त्यांनी आजवर फक्त आरशात पाहिली होती.

“कोठे निघस?” त्या म्हणाल्या. “नाना, रीत काय सांगस? रोट खास तो भाऊबंद. बराबर? मंग ह्यास्नी रोट खादा. पोटमाथीन तर काढता येवाव नही. व्हई ग्यात भाऊबंद. सहा जन वाढनात. मोठं घर व्हयनं, बिघडनं काय?”

 मग झिपरूने ओंजळीतलं पाणी सोडलं, मिशीवरून हात फिरवला आणि गंभीरपणे विचारलं, “मग अक्का, वावराची वाटणी कधी?”

“दखा!” शेवंताबाई कडाडल्या. “रोट पोटमा जात नही तं वाटनी मांगस! खरा भाऊबंद शे रे हाऊ!”

चुडामण नानांना ठसका लागला. तो ठसका नव्हता, हसू होतं, हे सगळ्यांना कळलं. लताबाईंना तर सगळ्यात आधी. त्यांनी पदर डोक्यावर ओढला.

“पुढला साल आमनी कानबाई आमना घर बठी,” त्या म्हणाल्या. “चाल व सूनबाई.” आणि आपल्या सुनेचा हात धरून फाटकाबाहेर गेल्या. नाना हलले नाहीत, पण त्यांचं हसू मावळलं.

आता खरी पंचाईत झाली. पाट दोन. एकावर कानबाई, दुसऱ्यावर तिची बहीण रानबाई. कानबाई कोकिळाच्या डोक्यावर जायची, रानबाई दर वर्षी लताबाईंच्या सुनेच्या. उचलायची ती भाऊबंदातल्याच बाईने. डिंपल लेक, तिला चालत नाही. शेवंताबाईंचे गुडघे गेलेले. बाहेर ढोलवाल्याने दोनदा टिपरी मारून पाहिली.

“मोहिनी,” कोकिळा म्हणाली, “घेशील?”

मोहिनीने शेवंताबाईंकडे पाहिलं. शेवंताबाईंनी पाण्याची बादली तिच्या पायांपाशी सरकवली.

पाय धुता धुता मोहिनी म्हणाली, “डोक्याची काळजी नको अक्का. पाट्या वाहून पक्कं झालंय. देवी हलायची नाही.”

“देवी नही हालनार. तू हालू नको म्हनजे व्हयनं.”

मिरवणूक निघाली. पुढे ढोल, मागे अनवाणी कोकिळा आणि मोहिनी, त्यांच्या मागे नाना, योगेंद्र, झिपरूची माणसं, आणि दर दहा पावलांवर गुडघ्यांना शिव्या देणाऱ्या शेवंताबाई. कोणी म्हणालं, “अक्का, गाडीत बसा.” त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो थेट ढोलापुढे जाऊन चालू लागला. दारादारांतून बाया तांब्या घेऊन बाहेर येत, पाट घेतलेल्या दोघींच्या पायांवर पाणी घालत, कुंकू लावत. पहिल्या दारी घातलं. दुसऱ्या दारी मोहिनीला पाहून एक बाई जरा घुटमळली, मग तिनेही घातलं. तिसऱ्या दारी घातलं.

चौथं दार लताबाईंचं. ते बंद असेल असंच शेवंताबाई धरून चालल्या होत्या.

दार उघडं होतं. लताबाई तांब्या घेऊन उभ्या होत्या. कानबाई दारावरून कोरडी जाऊ देण्याची छाती कोणाची? कोणाकडे न बघता त्या वाकल्या आणि कोकिळाच्या पायांवर त्यांनी पाणी ओतलं. सगळंच ओतलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत तांब्या उलटा धरला. मग सरळ झाल्या. समोर मोहिनी होती. डोक्यावर रानबाई, मान ताठ, ओल्या चिखलातले पाय जुळवलेले.

लताबाई वळल्या आणि घरात गेल्या.

ढोलवाला पुढे निघाला. मोहिनीने पाऊल उचललं.

“थांब,” शेवंताबाई म्हणाल्या. ढोलवाल्याकडेही त्यांनी हात केला. गल्ली थांबली.

आतल्या अंधारात माठावरचं झाकण सरकल्याचा आवाज झाला, आणि पाठोपाठ तांब्या बुडाल्याचा.