काठ्या, नाड्या आणि मी

माझ्या चार कोपऱ्यांना चार पितळी कड्या आहेत. त्यांतली एक ओढाताणीने लंबगोल झाली आहे. तिकडचा कोपरा बोटभर खाली झुकतो. मी एक जुना पोंचो आहे, मित्रांनो. पोंचो म्हणजे डोक्यातून घालायचा, टोपी शिवलेला सैल रेनकोट. माणूस कोरडा ठेवणे, एवढ्यासाठीच मला शिवले होते.

पण मालक मिळाला चष्मेवाला. दिवसभर दुसऱ्यांच्या नजरा तपासतो आणि स्वतःला नाकापुढचे दिसत नाही. "एक वस्तू, दोन कामं!" हे त्याचे ब्रीद. तंबू वाहणाऱ्यांना तो हमाल म्हणे. चारचौघांत माझे कौतुक करी. एरवी मी गाडीच्या डिकीत, ओल्या सतरंजीखाली कुजत पडे.

परवा डोंगरावर त्याने माझे छप्पर केले. चालायच्या काठ्या खांब झाल्या. दोरी आणलीच नव्हती, म्हणून बुटांच्या नाड्या काढून मला ताणले. टोपीचे भोक बांधायला नाडी उरली नाही. तिथे मोजा कोंबला. माझ्या पोटात मोजा! मग धो धो पाऊस आला. खाली त्याची लेक भिजून कुडकुडत होती.

"हिला गरम काहीतरी द्यायला हवं," बायको म्हणाली. "पाणी संपलंय."

"ओढ्यावरून आणतो की! त्यात काय?"

तो उठला आणि थबकला. रेनकोट छप्पर झालेला, काठ्या खांब झालेल्या, बुटांना नाड्या नाहीत.

"थोडा वेळ छप्पर काढू या का?"

"मग आम्ही काय पांघरायचं, बाबा?" लेक दात वाजवत म्हणाली. "तुझं ब्रीद?"

उंटावरचा शहाणा! हातभर अंतरावर माझ्या झुकल्या कोपऱ्यातून पाण्याची धार लागली होती. बायकोने पातेले त्या धारेखाली सरकवले आणि स्टोव्ह पेटवला.

मित्रांनो, आम्हाला वाळवून, घडी घालून ठेवत जा. आणि दोन कामांना जुंपण्याआधी, दोन्ही एकदम आली तर काय, याचा विचार करा. चष्मेवाल्याला हे सांगणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

लग्नापासून बायको त्याच्या प्रत्येक बेताला मान डोलवत आली होती. लेकीने गरम पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरला, तेव्हा बायको बोलली.

"पाऊस ओसरला की खाली उतरायचं. आणि यापुढे सामान मी भरणार, वाट मी ठरवणार. तुला यायचं असेल, तर नाड्या बांधून ये."