विश्रांतीचे नऊ दिवस

माझे वडील एवारिस्तो त्र्याहत्तराव्या वर्षी कालाओर्रातल्या आमच्या घरातून सांतियागोला पायी निघाले, तेव्हा त्यांच्या वरच्या खिशात मी लिहून दिलेला कागद होता. साडेसहाशे किलोमीटर, छत्तीस दिवस. पहिला आठवडा रोज पंधरा किलोमीटरच्या वर जायचं नाही, अंगात कितीही जोर असला तरी. पुढेही वीस-एकवीसला थांबायचं. बुर्गोस, लेओन आणि पोन्फेर्रादा इथे एकेक दिवस पूर्ण विश्रांती. मी फिजिओथेरपिस्ट आहे. बाबांनी मिरच्या डबाबंद करण्याच्या कारखान्यात चाळीस वर्षं बॉयलर सांभाळला आणि उजवा गुडघा तिथेच झिजवला, त्यामुळे गुडघ्याच्या बाबतीत माझा शब्द ते पडू देत नसत.

तो कागद मी मनापासून केला होता. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तसं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी माझी आई विसी जिन्यावरून पडली आणि अकरा दिवस बेशुद्ध होती. तेव्हा बाबांनी सांतियागोच्या संत याकोबाला नवस बोलला, की ही वाचली तर माझ्या उंबऱ्यापासून तुझ्या दारापर्यंत चालत येईन. ती वाचली. पण त्यानंतर तिला एकेक गोष्ट आठवेनाशी झाली. गॅस चालू ठेवून ती सपाता घालून स्टेशनवर जाऊन बसायची. तिची अंघोळ, कपडे, घास भरवणं, सगळं बाबा करायचे. कधी कधी तिला भरवता भरवता हातात चमचा तसाच धरून त्यांचा डोळा लागायचा. मी आणि झारागोसाला राहणाऱ्या भावाने दोनदा वृद्धाश्रमाचा विषय काढला. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं: मी माझ्या पायांवर उभा आहे तोवर ती या घरातून हलणार नाही.

मग मीच त्यांना म्हणाले की नवस फेडून ये, मी रजा काढून आईपाशी राहते. बाबा रडले. माझे दोन्ही हात धरून बराच वेळ बसून राहिले. आणि मला आधीच ठाऊक होतं की गावाबाहेरच्या नन सिस्टरांच्या वृद्धाश्रमात चौथ्या आठवड्यात एक खोली रिकामी होणार आहे. बाबा येईपर्यंत आई तिथे रुळेल, आणि रुळलेल्या माणसाला कोणी उपटून आणत नाही, असं मी आणि भावाने ठरवून टाकलं होतं.

बाबा रोज संध्याकाळी सातला फोन करायचे. आधी आईशी बोलायचे. ती कधी कारखान्याचा भोंगा झाला का विचारायची, कधी नुसती हसायची, पण आवाज ओळखायची. मग मला दिवसाचा वृत्तांत मिळायचा. लोग्रोन्योच्या पुढे त्यांना सातुर नावाचा निवृत्त बसचालक भेटला, बाबांच्याच वयाचा, बोलघेवडा. दोघं सकाळी वेगवेगळे निघायचे, आपापल्या चालीने चालायचे आणि संध्याकाळी त्याच धर्मशाळेत एकत्र जेवायचे. मी एकटाच चालतो, बाबा म्हणायचे, पण कुणीतरी पुढे पोचून माझ्यासाठी खाट धरून ठेवतं. इतक्या वर्षांत त्यांच्या आवाजात असा मोकळेपणा मी ऐकला नव्हता.

पंधराव्या दिवशी आश्रमातून कळवलं, की खोली आता अडतिसाव्या दिवसाच्या आधी मिळणार नाही. बाबा छत्तिसाव्या दिवशी सांतियागोला पोचणार होते आणि दुसऱ्या दिवशी बसने घरी.

त्या संध्याकाळी बाबा कार्रिओनला होते. उतारावर गुडघा जरा कुरकुरतो, असं ते सहज बोलून गेले. मी तो शब्द धरला. सूज आहे का विचारलं. नाही म्हणाले. मी म्हटलं, आतून असते, वरून दिसत नाही, दोन दिवस तिथेच थांब.

"अगं, पण मला काही होत नाहीये," बाबा म्हणाले.

"होईल तेव्हा उशीर झालेला असेल. तुला पोचायचंय की नाही?"

ते थांबले. सातुर त्यांच्यासाठी एक दिवस थांबला, पण त्याचं परतीचं तिकीट काढलेलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी तो पुढे गेला. त्यानंतर ते दोघं भेटले नाहीत. लेओनला मी एकाचे तीन दिवस केले. तिथे बाबा कॅथेड्रलसमोरच्या बाकावर बसून राहायचे, आणि ओळखीचे झालेले यात्रेकरू एकेक करून निरोप घेऊन जायचे. पोन्फेर्रादाचा एक दिवस कागदावर होताच. दुसऱ्याच दिवशी ते व्हियाफ्रांकाला पोचले, तेव्हा मी पुन्हा दोन दिवस थांबायला सांगितलं. कालच तर बसलो होतो, ते कुरकुरले. पुढे ओ सेब्रेरोचा चढ आहे, मी म्हटलं. तिथेही ते थांबले.

अडतिसाव्या दिवशी सकाळी मी आणि भावाने आईला आश्रमात नेलं. कागदांवर सह्या आम्हा दोघांच्या. सातच्या फोनसाठी मी तिथेच थांबले. मागून जेवणाच्या गाड्यांचा खडखडाट येत होता. बाबांनी विचारलं कसला आवाज, तर मी टीव्ही म्हटलं. मग आईने फोन घेतला. "एवारिस्तो, हे पडदे आपले नाहीत," ती म्हणाली. तिने ते दोनदा सांगितलं. मी फोन परत घेतला तेव्हा बाबा हसत होते. पडदे धुवायला काढलेत का, त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले.

बेचाळिसाव्या दिवशी मी बसने सांतियागोला गेले. भेटल्याबरोबर सांगायचं, असं रस्ताभर घोकलं होतं. बाबा कॅथेड्रलसमोरच्या चौकात उभे होते. वाळलेले, उन्हाने काळवंडलेले, पांढरी दाढी वाढलेली. त्यांनी मला मिठी मारली आणि शेजारच्या बाईंना, ओळखदेख नसताना, सांगितलं की ही माझी मुलगी, हिने मला वेळोवेळी बसवलं म्हणून मी इथवर आलो.

जेवायला बसलो. बाबांनी सूप मागवलं. प्रत्येक मुक्कामी शिक्का मारून घेतलेली यात्रेकरूची वही उलगडून ते मला एकेक गाव दाखवू लागले. व्हियाफ्रांकाच्या शिक्क्यावर त्यांचं बोट थांबलं. तिथे चर्चचं एक दार आहे. जुन्या काळी ज्यांना आजारपणामुळे पुढे चालवत नसे, त्यांना सांतियागोला पोचल्यासारखी पापांची क्षमा तिथेच मिळायची.

"दोन दिवस त्या पायरीवर बसून होतो, ब्लांका," बाबा म्हणाले. "धडधाकट माणूस. मला चोरासारखं वाटत होतं. तिकडे तू एकटी आईचं करतेस, आणि मी इथे ऊन खात बसलोय."

मी त्यांना सगळं सांगितलं. नीट, क्रमाने सांगता आलं नाही. आधी खोलीचं सांगितलं, मग पडद्यांचं, मग सह्यांचं. बाबा सूप ढवळत राहिले. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी चमचा खाली ठेवला.

"नऊ दिवस बसलो मी. त्यातले गुडघ्यासाठी किती?"

"तीन."

ते बोटांवर काहीतरी मोजत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे ती घरात असतानाच मी पोचलो असतो."

"हो," मी म्हटलं.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले. त्यांना झोप लागली नव्हती, पण डोळे मिटलेले होते. मी पाण्याची बाटली पुढे केली तर घेतली, एवढंच.

गावात पोचल्यावर ते घरी न जाता पाठपिशवीसकट थेट आश्रमात गेले. आई खिडकीपाशी बसली होती. बाबा तिच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि त्यांनी तिचं नाव घेतलं. तिने त्यांच्याकडे पाहिलं, दाढीकडे पाहिलं, आणि परक्या पाहुण्याशी बोलतात तशी अदबीने म्हणाली, "तुम्ही कोणाकडे आलात?"

मी त्याच संध्याकाळी वस्तरा आणि साबण नेऊन दिला. बाबांनी दाढी केली आणि पुन्हा तिच्यासमोर बसले. फरक पडला नाही. डॉक्टर म्हणाले की हे कधीतरी होणारच होतं, तुमच्या वडिलांच्या जाण्या-न जाण्याशी त्याचा संबंध नाही. भावाला ते पटलं. मलाही पटवून घ्यायचं आहे, पण मग अडतिसाव्या दिवशी तिने फोनवर मारलेली हाक आठवते.

जूनमध्ये बाबांनी आईला एका रविवारी घरी आणलं. संध्याकाळ होताच ती दाराशी उभी राहून मला माझ्या घरी सोडा म्हणत रडू लागली. बाबा तिला स्वतः परत घेऊन गेले. त्यानंतर त्यांनी तिला आणायची गोष्ट काढली नाही. आता ते रोज जातात, चार किलोमीटर जाणं, चार येणं, सकाळ-संध्याकाळ. गुडघा खरोखर सुजलाय. पायऱ्या उतरताना ते कठडा धरतात. माझ्या दवाखान्यात कुणी असं आलं, तर मी आठवडाभर पाय हलवू देणार नाही. बाबांना मात्र मी काही म्हणू शकत नाही.

ऑगस्टच्या उन्हात एक दिवस त्यांनी आपण होऊन मला गाडीने सोडायला सांगितलं. रस्त्यात ते पहिल्यांदा त्याविषयी बोलले.

"मला विचारलं असतंस तर मी नाहीच म्हटलं असतं, हे मला माहीत आहे," ते म्हणाले. "पण विचारायला हवं होतंस."

हो, मी म्हटलं.

आई अंगणात सावलीत बसली होती. बाबांनी खिशातून पीच काढलं, सोललं, फोडी करून तिला एकेक भरवू लागले. तिने माझ्याकडे बोट दाखवून त्यांना विचारलं, ही कोण. आपली ब्लांका, बाबा म्हणाले, आणि बाकावर थोडं सरकून त्यांनी मला बसायला जागा केली.