मान लववणारी लाल गाडी

गल्लीतल्या त्या लाल गाडीभोवती सकाळपासून मुंगी शिरायला जागा नव्हती. खिडक्याखिडक्यांतून माणसं लोंबत होती, दोघे तर कुंपणाच्या भिंतीवर पाय सोडून बसले होते. गाडी जुनी, स्पोर्ट्‌स कार, दोनच सीटची. छप्पर कापडी, बटण दाबलं की आपोआप उठून मागे दुमडावं असं. पण हे छप्पर अर्ध्यावर उठायचं, एका अंगाला तिरकं व्हायचं आणि तिथेच हवेत अडकायचं. मग काळी शाल पांघरलेले बाबा पुढे यायचे, हात उंचावून मंत्र सुरू करायचे, आणि म्हणता म्हणता ते अवजड छप्पर हळूहळू, अगदी अदबीने, खाली यायचं.

"लवली! लवली!" एकच गलका उठला. "बाबांपुढे लोखंडसुद्धा मान लववतं हो!"

"लोखंड नाही, कापड आहे," मागून एक बाई म्हणाल्या. "आणि मान नाही, छप्पर."

या बाई म्हणजे गाडीमालकाची बायको. लोकांचे आखडलेले खांदे नि धरलेले गुडघे व्यायाम देऊन मोकळे करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. फिजिओथेरपिस्ट हा शब्द गल्लीच्या जिभेवर बसेना, म्हणून लहानथोर त्यांना खांदेबाईच म्हणत.

त्यांचे यजमान नोकरीतून निवृत्त झाले आणि भिंतीकडे बघत बसू लागले. मग एक दिवस ही गाडी घेऊन आले आणि माणूस पुन्हा माणसात आला. आरशात बघून भांग काय पाडतील, बायकोला "चल, आभाळाखालून फिरवून आणतो" काय म्हणतील! आणि नेमकं छप्पर रुसलं. पुढच्या काचेवरच्या आकड्यात ते नीट बसेना, म्हणून यजमान रोज पाना घेऊन तो आकडा पिळत बसत. आज डावीकडे, उद्या उजवीकडे. शेवटी शेजारच्या मावशींनी बाबांना आणलं. बाबांचं बोलणं चालू असतानाच अडकलेलं छप्पर आपसूक खाली आलं आणि त्या क्षणापासून बाबांचं नशीब वर गेलं.

"या गाडीत आधीच्या मालकाचा जीव गुंतलाय," बाबा आता गर्दीला सांगत होते. "तो अर्ध्या वाटेत गेला, म्हणून छप्पर अर्ध्या वाटेत थांबतं! मी माझी स्पंदनं त्याच्या स्पंदनांना जोडतो. वरच्या लोकातलं वायरिंग खालच्या लोकात आणतो!"

"पण बाबा," यजमान चाचरत म्हणाले, "आधीचे मालक जिवंत आहेत. परवाच फोन आला होता. त्यांची छत्री गाडीत राहिलीय म्हणाले."

बाबांनी शाल सावरली. "देहाने जिवंत आहे. जीव इथे आहे. छत्रीपाशी."

लोकांनी माना डोलावल्या. बाबांनी डिकी उघडून गालिच्याच्या डाव्या कोपऱ्यातल्या ओल्या डागावर कापूस दाबला. "हे त्याचे अश्रू!" आणि तो कापूस मावशींच्या गुडघ्यावर फिरवला. मावशींचा गुडघा आधीच लालभडक झाला होता. बाबा म्हणाले, पीडा बाहेर पडतेय.

"आता शेवटचं," बाबांनी आवाज खाली आणला. "ही गाडी इथे सुखी नाही. आज तिला माझ्या छायेत द्यायची. किल्ली या हातात ठेवा."

यजमानांनी खिशातून किल्ली काढली. डोळे भरून आले होते. किल्ली बाबांच्या तळहातावर ठेवताना त्यांची बोटं सुटेनात. खांदेबाई गर्दीतून वाट काढत पुढे आल्या. गाडी जाईल ती जाईल, पण मागे राहिलेला माणूस पुन्हा भिंतीकडे बघत बसेल.

"थांबा," त्या म्हणाल्या. "जायच्या आधी तिला एकदा माझ्या माणसापुढे लवू दे."

"तुमचा माणूस कोण?"

खांदेबाई घरात गेल्या आणि लादी पुसायची बादली घेऊन आल्या. तिच्यात दांड्याचं फडकं उभं केलेलं. बादली त्यांनी गाडीसमोर मांडली, बाबा उभे राहत अगदी त्याच जागी. गर्दीत खसखस पिकली.

"अहो, बटण दाबा."

घूंऽऽ करत छप्पर उठलं, तिरकं झालं, अडकलं. सगळे श्वास रोखून उभे.

"अश्रद्धेपुढे ती लवणार नाही!" बाबा गरजले.

तेवढ्यात गाडीच्या पोटात टक् असा आवाज झाला. छप्पर हललं आणि हळूहळू, अगदी त्याच अदबीने, बादलीपुढे लवलं.

भिंतीवरचा एक जण हसता हसता खाली पडला. "बादलीबाबा! बादलीबाबा!" असा गजर झाला. मावशींनी तोंडाला पदर लावला, पण खांदे गदगदत होते ते काही लपेनात.

"मी मनातल्या मनात मंत्र म्हणत होतो!" बाबा ओरडले.

"असं होय? मग आता उलटा म्हणा," खांदेबाई म्हणाल्या. "तिला वरच धरून ठेवा. लवू देऊ नका."

छप्पर पुन्हा उठलं. बाबांनी डोळे मिटले, शाल झटकली, घसा खरवडून मंत्र म्हटला. टक्! छप्पर खाली. बाबांनी आवाज चढवला, पाय आपटले. छप्पर आपल्या चालीने खालीच आलं.

"मंत्र बरोबरच असतो हो तुमचा," खांदेबाई म्हणाल्या. "छप्पर खाली येईपर्यंत म्हणत राहायचं, की झालं! मी बघत होते, एक डोळा उघडाच असतो तुमचा. ऊन तापलं की मंत्र आखूड, गारठा असला की लांबच लांब. काल संध्याकाळी तर कडवी संपली म्हणून पहिल्यापासून सुरुवात केलीत."

त्यांनी डिकीतला गालिचा उचलला. "सगळे या इकडे. हे दोन दंड छप्पर उचलतात. पंप त्यांच्यात तेल ढकलतो. डाव्या दंडाची नळी इथे गळतेय, म्हणून तो दुबळा पडलाय. माझ्याकडे एका खांद्याने धरलेली माणसं येतात ना, हात वर करा म्हटलं की सबंध अंग तिरकं करतात, तेच हे. उजवा दंड वर, डावा मागे, मग सांगाडा अडकतो. पंप दमतो, टक् करून तेलाला परतीची वाट मोकळी होते आणि छप्पर स्वतःच्या वजनाने बसतं. उन्हात तेल पातळ होतं, म्हणून लवकर बसतं. आणि अहो, तुम्ही पुढचा आकडा पिळत बसलात! तिरकेपण पुढे दिसतं, पण दुखणं मागे आहे."

"म्हणजे माझ्या गुडघ्याला..." मावशींचा चेहरा पडला.

"मशीनचं तेल, मावशी. साबणाने धुवा आधी."

मग त्या गर्दीकडे वळल्या. "आता माझ्यावरही विश्वास ठेवू नका. नाहीतर उद्या बादलीपुढे रांग लावाल. एकेकाने या, बटण दाबा, टक् ऐका, तेल बोटाला लावून बघा. पटलं तर पटलं. एवढंच मागणं आहे, कुणी नवल दाखवलं की आधी मागे जाऊन गालिचा उचलायचा."

रांग लागली. तोवर यजमानांनी बाबांच्या मुठीतून किल्ली एकेक बोट उलगडून सोडवून घेतली. मग नवराबायकोंनी मिळून छप्पर हातानेच मागे दुमडलं आणि गाडीत बसले.

"गॅरेजकडे निघालाच आहात," बाबा हळूच म्हणाले, "तर मला चौकात सोडाल?"

"दोनच सीट आहेत," खांदेबाई म्हणाल्या. "आणि दोन्ही जिवंत माणसांनी भरल्यात."

नळी बदलली. आता छप्पर सरळ उठतं, सरळ बसतं आणि बघायला कुत्रंही येत नाही. बिघडलेली वस्तू पाहायला सारी गल्ली लोटली होती. ती कशी दुरुस्त झाली ते पाहायलाही लोटायला हवी होती. गल्ली तशी लोटेल तो दिवस यावा म्हणून ही गोष्ट सांगितली.